मदत हवी आहे: एमआरआय ‘त्याच’ सेंटरमध्ये करायची सक्ती
आईच्या कंबरदुखीसाठी डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला. चिठ्ठीवर एका सेंटरचा शिक्का आधीच मारलेला. मी घराजवळ दुसरीकडे करून घेतला, अडीच हजार वाचले. तर डॉक्टरांनी फिल्म पाकिटातून काढलीसुद्धा नाही. म्हणाले, "यात नीट दिसत नाही, तिकडूनच करा." न बघता कसं कळलं, देव जाणे!

कट प्रॅक्टिस (कमिशन घेऊन पेशंट पाठवणं) म्हणतात ती हीच ना? मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2002 च्या नियमांत पेशंट पाठवण्याचं कमिशन घ्यायला बंदी आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे कुणी तक्रार केलीय का? पैसे घेतल्याचा पुरावा माझ्याकडे नाही, फक्त ती शिक्क्याची चिठ्ठी आहे. तेवढ्यावर दखल घेतात का? की आधी सरळ डॉक्टरच बदलू? आईच्या पायाला आता मुंग्या यायला लागल्यात.