मदत हवी आहे: कोकणातल्या दमट हवेत हॅमस्टर, जर्बिल की गिनीपिग?

नमस्कार मंडळी,

आम्ही मालवण तालुक्यात राहतो. चिऱ्यांचं कौलारू घर, पुढे पडवी, मागे माड आणि थोडी काजूची कलमं. लेक यंदा चौथीत गेली. तिला हातात घेता येईल असा लहानसा प्राणी हवा आहे. मुंबईला मामाकडे गेली असताना तिने दुकानात हॅमस्टर, जर्बिल आणि गिनीपिग पाहिले, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. मलाही ते मनापासून आवडले. पण आपल्या हवेत ते सुखाने जगतील अशी खात्री झाल्याशिवाय आणायचे नाहीत, असं ठरवलं आहे.

नेटवरची बहुतेक माहिती थंड, कोरड्या देशांतल्या घरांसाठी लिहिलेली आहे. आमच्याकडे पावसाळाभर भिंतींना ओल असते, कपडे वाळता वाळत नाहीत. एसी नाही, आणि मे महिन्यात वीज गेली की पंखाही नाही. अशा घरात यांतलं कोण निभावेल? पिंजऱ्यात काय अंथरावं? सॉ मिलचा भुसा फुकट मिळतो, तो चालेल का?

सासूबाईंची काळजी वेगळी आहे. भातलावणी सुरू झाली की आमच्याकडे लेप्टोची, म्हणजे उंदरांमुळे पसरणाऱ्या तापाची, धास्ती असते, त्यामुळे उंदराच्या जातीचं काही घरात नको असं त्या म्हणतात. त्यांची भीती मला उडवून लावायची नाही, नीट उत्तर द्यायचं आहे. शिवाय घराभोवती धामण फिरते आणि शेजारचा बोका दिवसातून एकदा तरी पडवीत येऊन जातो.

जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद १

आणण्याआधी विचारलंत, फार बरं वाटलं.

जर्बिल सरळ बाजूला ठेवा. तो मंगोलिया आणि उत्तर चीनच्या कोरड्या माळरानातला. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर गेली की त्याची लव तेलकट होऊन चिकटायला लागते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती ८० च्या खाली यायला मागत नाही.

हॅमस्टर हवेत कसाबसा निभावेल, पण तो रात्रीचा प्राणी. लेक झोपली की हा उठणार, आणि दिवसा तिने उठवलं तर चावणार. सीरियन हॅमस्टर एकटाच ठेवावा लागतो, दोन एकत्र ठेवले तर जिवावर उठतात. बिळं करायला त्याला निदान वीतभर जाड अंथरूण लागतं. जुलैत ते कोरडं ठेवणं जिकिरीचं. आयुष्यही २ ते ३ वर्षांचंच.

तुमच्या घरासाठी मी गिनीपिगच सुचवेन. दिवसा बराच वेळ जागा असतो, क्वचितच चावतो, ५ ते ८ वर्षं जगतो. एकटा मात्र झुरतो, म्हणून दोन माद्या घ्या. दुकानदार नर-मादी ओळखण्यात सर्रास चुकतात. नर पिल्लू तीन-चार आठवड्यांतच वयात येतं, तेव्हा जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय जोडी उचलू नका. डोळे चमकदार, नाक कोरडं, मागची बाजू स्वच्छ हवी. केस गेलेले, कोंडा धरलेले चट्टे दिसले तर ते जनावर नको. गजकर्ण असू शकतं आणि ते मुलांना लागतं.

दोघींना निदान ४ फूट बाय २ फूट मोकळी जागा द्या, खाली सपाट लादी किंवा फळी. जाळीच्या तळाने पाय सोलवटतात. फिरतं चाक हॅमस्टरसाठी असतं, गिनीपिगला देऊ नये, पाठीला इजा होते.

भुसा नको. बारीक धूळ त्यांच्या नाकात जाते, आणि लाकूड कुठलं हे आपल्याला कळत नाही. खाली वर्तमानपत्राची जाड घडी आणि वर जुनं सुती कापड घाला. ओलं झालं की त्याच दिवशी बदला. पावसाळ्यात दोघींना रोज उलटून त्यांचा मागचा भाग बघा. तिथे घाण राहिली तर माशी अंडी घालते आणि दिवसभरात किडे पडतात. यात आळस परवडत नाही.

खाण्यात सुकं गवत मुख्य, ते कायम समोर हवं. त्यांचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. पावसाळा सरल्यावर कापून वाळवलेलं गवत माळ्यावर भरून ठेवा, बुरशीचा वास आलेलं देऊ नका. भाताचा पेंढा अंथरायला ठीक, त्यावर पोट भरत नाही. आपल्या अंगणातली हरळी, म्हणजे दूर्वा, त्यांना उत्तम. फक्त आंबा-काजूला फवारणी झालेल्या जागेतली काढू नका. माणसासारखंच यांचं शरीर क जीवनसत्त्व बनवू शकत नाही. दर किलो वजनामागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. रोज ढोबळी मिरचीची फोड आणि कोथिंबीर द्या, अधूनमधून पेरूचा तुकडा. पाण्यात थेंब टाकून उपयोग नाही, ते लवकर निकामी होतात. कांदा, लसूण, बटाटा आणि अळूचं पान कधीही नाही.

उन्हाळा हीच खरी परीक्षा. त्यांना १८ ते २४ अंश मानवतं, तिशीच्या आसपास उष्माघाताचा धोका असतो. म्हणून पडवी नको, पत्र्याखाली तर नकोच. माजघरातला सर्वांत गार कोपरा द्या. गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवा, बसायला गार चिऱ्याचा तुकडा द्या. जनावर पसरून धापा टाकायला लागलं तर कान आणि पाय साध्या पाण्याने ओले करा, बर्फाचं पाणी ओतू नका, आणि लगेच डॉक्टर गाठा.

सासूबाईंना सांगा, त्यांची भीती रास्त आहे. लेप्टो रानटी उंदरांच्या लघवीतून पसरतो आणि पाळीव प्राण्यालाही होऊ शकतो. म्हणून पिंजरा घरात, जमिनीपासून उंच, अर्ध्या इंचाहून बारीक जाळीचा आणि कडीचा हवा. धामण आणि बोका दोघांचाही बंदोबस्त त्यातच झाला. खाणं झाकणाच्या डब्यात ठेवा. साफसफाई मोठ्यांनी करावी, हाताळल्यावर लेकीने साबणाने हात धुवावेत.

प्रतिसाद २

वरच्या माहितीत एक भर, फार महत्त्वाची. आपल्याकडे पशुवैद्य बहुतेक गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्रे बघतात. गिनीपिगला पेनिसिलीन किंवा अमॉक्सिसिलीन तोंडावाटे दिलं तर आतड्यातले उपयोगी जंतू मरून तो दगावू शकतो. असे प्राणी हाताळणारा डॉक्टर आधी शोधा, फोन करून विचारा, मगच प्राणी आणा. अर्धा दिवस खाल्लं नाही तर वाट बघू नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. पिंजरा माजघरात आणि साफसफाई माझ्याकडे, या अटीवर त्या तयार झाल्या. आता आधी डॉक्टर, मग सुताराकडून पिंजरा. एकच विचारायचं राहिलं: गणपतीत घर पाहुण्यांनी भरतं, रात्री भजनं, फटाके. तेव्हा काय करावं?

प्रतिसाद १

ते फार दचकतात. त्या दिवसांत पिंजरा आतल्या खोलीत हलवा, लपायला दोघींना दोन खोकी द्या आणि पाहुण्यांच्या मुलांना हाताळू देऊ नका. खरं तर गणपती झाल्यावरच आणा. तोवर पाऊसही ओसरतो आणि नवं गवतही हाताशी येतं.