मदत हवी आहे: मोटरच्या दोराची गाठ सुटतच नाही

केळीवाला_रावेर: लवकर सांगा, उद्या सकाळी काम आहे. दर आठ दिवसांनी मोटर खाली सरकवावी लागते आणि दर वेळी गाठ दगड झालेली असते. मागच्या वेळी पेचकस घालून पाहिला, शेवटी विळ्यानं कापली. असं करत दोर संपत चालला. निरगाठीसारखी पक्की आणि सुरगाठीसारखी सुटणारी गाठ कोणती?

तापीकाठ: बोअर का विहीर? दोर कसला? वजन किती?

केळीवाला_रावेर: विहीरच, बोअरची मोटर कोण दर आठवड्याला हलवतं? नायलॉन, 16 एमएम. वजन 60 किलोच्या आसपास.

भो_नाना: दोर सोडा, स्टीलची वायर लावा. माझ्याकडे 4 वर्षं झाली, गाठीची भानगडच नाही.

तापीकाठ: नाना, वायर दर आठ दिवसांनी कोण सरकवणार? केळीवाले, बोलाईनची गाठ मारा. दोराचा शेंडा विहिरीवरच्या गर्डरवरून फिरवून घ्या. मोटरकडे जाणाऱ्या दोरात छोटा वेढा घाला, शेंड्याकडची बाजू वर राहिली पाहिजे. शेंडा वेढ्यातून खालून वर काढा, त्या मोटरकडच्या दोराच्या मागून फिरवा आणि त्याच वेढ्यातून परत खाली घाला. आवळा. शेंडा हातभर सोडा. नवा नायलॉन ताठ असतो, हिसके बसले की बोलाईन ढिली होते. म्हणून छोटा वेढा एकाऐवजी दोनदा घ्या. सोडताना शेंड्यानं दोराला मारलेली मिठी अंगठ्यानं पुढे दुमडा, गाठ मोकळी होते.

सह्याद्री_भटक्या: आठाची गाठ मारा, शेंडा तिच्यातूनच परत ओवून. आम्ही कड्यावर जीव तिच्यावरच टाकतो. जोडीदाराला एका नजरेत तपासता येते.

तापीकाठ: तपासता येते हे खरं. पण तुमचा माणूस घटकाभर लटकतो, यांची मोटर आठ दिवस. आठाची गाठ एवढ्या वजनानं आवळली की परत विळाच.

सह्याद्री_भटक्या: आमच्या सुटतात बुवा.

भो_नाना: मोटेच्या काळी नाड्याला आमचे आजोबा काय बांधत, ते विचारलंच नाही कधी. राहून गेलं.

केळीवाला_रावेर: बोलाईन मारली. सुटत नाही! मिठी हलतच नाही. फालतू सल्ला.

तापीकाठ: सोडताना मोटर कुठे होती?

केळीवाला_रावेर: कुठे म्हणजे? विहिरीत. लटकलेली.

तापीकाठ: अरे भो, हे आधी सांगायचं ना! दोरावर ओढ असताना बोलाईन सुटतच नाही. तोच तिचा गुण आहे. चार गड्यांना दोर वीतभर वर ओढून धरायला सांगा, गाठ सैल पडली की मिठी दुमडा.

लेवा_पाटील_यावल: गडी मिळाले पाहिजेत ना. मी गर्डरला गाठ मारतच नाही. तीन वेढे द्यायचे आणि वर दोन अर्धगाठी. अर्धगाठी काढल्या तरी वेढ्यांच्या घर्षणावर मोटर बऱ्यापैकी धरते. मग दोर हातात गच्च धरून हळूहळू सोडायचा. दोन माणसं पुरतात. गर्डरच्या धारेवर जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवा, नाहीतर गाठ राहील आणि दोर तुटेल. आणि आधी मेन स्विच बंद!

तापीकाठ: हे बेस्ट. खाली मोटरच्या कडीला मात्र बोलाईनच ठेवा. आणि केबलला धरून मोटर ओढू नका, कितीही घाई असो.

केळीवाला_रावेर: पाटील, वेढेवालं जमलं. दोघांनी उतरवली. पण मोटर तळालाच टेकली, पाणी जेमतेम 4 फूट.

भो_नाना: आडवे बोअर मारणारा पाहिजे का? आमच्याकडचा चांगला आहे.