डेनी: डाव मध्येच सोडून लिहिलेलं प्रवचन
अमेरिकन लेखक जोसेफ डेनी म्हणजे निव्वळ इंग्रजधार्जिणा, लोकशाहीवर दात खाणारा संपादक, असं म्हटलं जातं. ते खोटं नाही. फिलाडेल्फियात १८०१ साली 'ऑलिव्हर ओल्डस्कूल' या टोपणनावानं त्यानं 'द पोर्ट फोलिओ' हे साप्ताहिक काढलं आणि १८०३ मध्ये त्यात लोकशाहीवर इतकं जहाल लिहिलं की राजद्रोही लेखनाचा खटला अंगावर आला. १८०५ मध्ये सुटला. पण तेवढ्यावरच त्याला निकालात काढू नका. त्याच साप्ताहिकातून जॉन क्विन्सी ॲडम्सची सायलेशियाच्या (तेव्हाच्या प्रशियातल्या एका प्रांताच्या) प्रवासाची पत्रं छापून आली होती, हा माणूस पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

मला तरी डेनी जास्त आवडतो तो त्याआधीचा, न्यू हॅम्पशरातल्या वॉलपोल गावचा. तिथल्या साप्ताहिकात तो बायबलातलं एखादं वचन घेऊन 'ले प्रीचर' (धर्मगुरू नसलेला प्रवचनकार) नावाचे हलकेफुलके निबंध लिहायचा. मजकूर कायम आयत्या वेळी! छापखान्यातला उमेदवार पोऱ्या जोसेफ बकिंगहॅम (हाही पुढे बॉस्टनमध्ये संपादक झाला) आठवणींत सांगतो की त्यातलं एक उत्तम प्रवचन छापखान्यासमोरच्या खानावळीत, पत्त्यांचा अड्डा रंगलेला असताना लिहिलं गेलं. पोऱ्या मजकूर मागायला आला की डेनी हातातली पानं शेजाऱ्याकडे द्यायचा, थोडं खरडायचा आणि परत डावात. असे चार-पाच हेलपाटे झाले तेव्हा कुठे प्रवचन पुरं झालं.