गोव्याहून लंडन : आकाशातले तास आणि दारापासून दारापर्यंतचे तास

मोपा (उत्तर गोव्यातल्या पेडणे तालुक्यातला विमानतळ) ते लंडन हे सरळ हवाई अंतर सुमारे ७,६०० किलोमीटर आहे. विमान ताशी ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने जाते, म्हणजे हिशेब नऊ तासांच्या आत बसायला हवा. पण चढउतार, नेमून दिलेले हवाई मार्ग आणि समोरचा वारा धरला तर थेट जातानाही दहा तासांच्या आसपास लागतात. माझी मुलगी तिकडे शिकते आणि येत्या उन्हाळ्यात मी प्रथमच तिच्याकडे जाणार आहे. घराला कुलूप लावल्यापासून तिच्या दारात पोहोचेपर्यंत खरोखर किती वेळ लागतो, हे जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मडगाव : मी आईला दोहामार्गे नेले. गोवा ते दोहा सुमारे २,५५० आणि दोहा ते लंडन सुमारे ५,२५० किलोमीटर, म्हणजे वळसा जेमतेम दोनशे किलोमीटरचा. वेळ गेला तो जमिनीवर : दोह्यात पाच तास थांबावे लागले आणि त्याआधी मडगावहून मोपाला पोहोचायलाच दोन तास लागले होते, कारण दाबोळीचा विमानतळ जवळ असला तरी आमचे विमान मोपाहून होते. आईने मनगटावरचे घड्याळ शेवटपर्यंत गोव्याच्या वेळेवरच ठेवले होते. भावाच्या दारात पोहोचल्यावर तिने ते पाहिले आणि म्हणाली, ‘‘बावीस तास झाले रे, आता आधी पेज दे.’’ तिचे पाय सुजले होते. वयस्कर माणूस सोबत असेल तर चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवा, ही माझी कळकळीची विनंती.

म्हापसा : तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात, हे आधी घरच्यांना समजावून सांगा. सकाळी आठला निघून दुपारी दीडला पोहोचणार असे वाचून माझ्या सासूबाईंनी साडेपाच तासांचाच प्रवास धरला आणि माझा फोन येईपर्यंत त्या देवासमोर बसून राहिल्या. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे घेतली जातात आणि हे अंतर साडेपाच तासांचे होते.

वास्को : येताना वेळ कमी लागतो. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरचे जोरदार वारे पाठीशी असतात, विशेषतः हिवाळ्यात.

फोंडा : हवाई मार्ग बदलला की तासही बदलतात. फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस पाकिस्तानचे हवाई क्षेत्र बंद झाले आणि ते जुलैच्या मध्यापर्यंत तसेच राहिले. त्या काळात मी दिल्लीमार्गे गेलो, तेव्हा विमानाला दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला आणि माझी पुढची गाडी चुकली. तेव्हापासून उतरल्यानंतरच्या गाडीसाठी मी तीन तास मोकळे ठेवतो.