पाचवीचा जून-जुलै खरंच फुकट जातो का?

मुलुंडची आई

2025-26 चं शालेय वर्ष सुरू झालंय आणि आमच्या पालकांच्या ग्रुपवर एका बाबांनी लिहिलंय : "पाचवीची मुलं 16 जूनपासून शाळेत काय करताहेत? रोमन अंक आणि सूर्यमालेची चित्रं. फेब्रुवारी 2026 मध्ये स्कॉलरशिप, म्हणजे राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. शाळेच्या भरवशावर राहू नका, आत्ताच क्लास लावा." खाली भराभर अंगठे पडले. तिथे मी दोन ओळी लिहिल्या, पण मन शांत होईना, म्हणून इथे.

चौथीपर्यंत दिवसभर एकच बाई. त्यांना मुलाचा चेहरा बघून कळायचं की डबा खाल्लेला नाही. पाचवीत दर तासाला नवीन शिक्षक, घंटा झाली की वही बदला, वेळापत्रक बघून दप्तर भरा, गृहपाठ स्वतः डायरीत उतरवा. त्यात अधिवेशन, म्हणजे शाळा भरायची वेळ, बदलतं. चौथीपर्यंतच्या वर्गांना नऊच्या आधी शाळा नको हा 2024 चा नियम पाचवीला लागू नाही, त्यामुळे माझी मुलगी आता पावणेसातला घराबाहेर असते. शिवाय पेन्सिल जाऊन हातात पेन आलंय, म्हणजे खाडाखोड आता वहीवर राहते. दहा वर्षांच्या मुलाला हे सगळं अंगवळणी पडायला दोन महिने लागतातच, आणि तो अभ्यासच आहे.

रोमन अंकांबद्दलही बोलते. आठ लिहायला चार चिन्हं आणि दहा लिहायला एकच, शून्य तर नाहीच. ते करून बघितल्यावर मुलाला कळतं की आपल्या अंकांत जागेला किंमत आहे म्हणून केवढं सोपं झालंय. पुढच्याच धड्यात लाख-दशलक्ष येतात. पाया आधी घातलाय, त्याला टाइमपास म्हणू नका.

भांडुपकर

ताई, तुमचं वाचायला बरं वाटतं, पण हिशोब मांडा. स्कॉलरशिपचे दोन पेपर, प्रत्येकी 150 गुण, नव्वद मिनिटांत 75 प्रश्न. बुद्धिमत्ता चाचणीचे 50 प्रश्न, आणि तो विषय शाळेच्या वेळापत्रकात नाहीच. शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये संपतं, परीक्षा फेब्रुवारीत. राहिलेला पोर्शन कोण शिकवणार?

माझे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर घरात पैसा नव्हता. तेव्हा ही परीक्षा चौथीला असायची. आमचे एक सर शाळा भरायच्या आधी आम्हाला बोलावून फुकट शिकवायचे, तेही जूनपासून. यादीत नाव आलं तेव्हा चाळीत पहिल्यांदा कोणी वडिलांना हाक मारून घरी चहाला बोलावलं. ज्यांच्याकडे आधीच सगळं आहे त्यांनी "मुलांना रुळू द्या" म्हणावं. आम्हाला तेवढा वेळ नव्हता.

परळच्या बाई (निवृत्त)

भांडुपकर, तुमच्या सरांना नमस्कार. पण ते सर होते, क्लास नव्हता. फरक लक्षात घ्या.

मी वर्षानुवर्षं पाचवीचा वर्ग घेतला. जूनमध्ये येणाऱ्या मुलांपैकी किती जणांना हातचा धरता येत नाही हे पालकांना माहीतच नसतं. दोन अंकी संख्येने भागायचं म्हटलं की अंदाज कसा बांधायचा तेच कळत नाही, कारण पाढे पाठ नाहीत. तुम्ही बुद्धिमत्तेची कोडी आणि उत्तरपत्रिकेतले गोल रंगवत बसलात तर असा मुलगा कायमचा मागे राहील. पायाभूत चाचणी येईलच, तिच्यात मागच्या इयत्तेचंच विचारतात.

आणि स्कॉलरशिपच्या नादात पाचवीची वार्षिक परीक्षा सगळे विसरलेत. 2023-24 पासून नियम बदललाय. 35 टक्के मिळाले नाहीत तर पुनर्परीक्षा, त्यातही नाही जमलं तर पुन्हा पाचवीतच. भीती वाटायची असेल तर याची वाटू द्या.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. पहिल्याच महिन्यात घरून सूर्यमालेचं मॉडेल आणायला सांगतात. मूल सोडून बाकी सगळं घर ते करतं.

दादरचा स्टेशनरीवाला

बाई, बरोबर बोललात. दुकान बंद करायच्या वेळेला आया धापा टाकत येतात, "उद्या द्यायचंय, आहे का तयार?" म्हणून. थर्माकोलवर राज्यात 2018 मध्ये बंदी आली, तेव्हापासून मी ठेवत नाही, तरी रोज कोणीतरी मागतंच. पाचवीतलं मूल स्वतः येऊन रंग निवडतंय असं फार क्वचित दिसतं.

भांडुपकर

याला मात्र दुजोरा. मी ड्यूटीवरून नऊला घरी येतो. परवा रात्री शनीचं कडं मी चिकटवत होतो आणि मुलगा झोपला होता. सकाळी बाईंनी त्याला "छान" शेरा दिला. कशाबद्दल?

वरळी नाका

आणि ती मॉडेलं साफ चुकीची असतात याचं कोणालाच काही नाही! सगळे ग्रह ओळीत, सारख्या अंतरावर, गुरू जेमतेम पृथ्वीच्या दुप्पट. मुलांच्या डोक्यात तेच चित्र जन्मभर बसतं. सूर्य एक मीटरचा धरला तर पृथ्वी नऊ मिलिमीटरची आणि ती 107 मीटरवर. शनी एक किलोमीटरवर, नेपच्यून तीन किलोमीटरच्या पलीकडे. मुलांना चालवा, म्हणजे अंतर पायांना कळेल. वरळीत 1977 पासून नेहरू तारांगण आहे, तिथे न्या. रेडीमेड गोळ्यांवर पैसे घालवू नका.

भांडुपकर

जुलैच्या पावसात कुठे चालवू? आमच्या शाळेला मैदानच नाही. नसती बौद्धिकं नकोत.

वरळी नाका

आवाज कशाला चढवता? सूर्य दहा सेंटिमीटरचा कापा. पृथ्वी म्हणून राजगिऱ्याचा दाणा घ्या आणि तो पावणेअकरा मीटरवर ठेवा. शाळेचा व्हरांडा पुरतो, खर्च शून्य. गुरू छपन्न मीटरवर जातो, तो जिन्यापाशी थांबवून मुलांना विचारा, आता पुढे कुठे जायचं? हा प्रकल्प मुलंच करू शकतात, बाप करू शकत नाही.

परळच्या बाई (निवृत्त)

हे मी केलं असतं. पण वर्गात साठ मुलं आणि पस्तीस मिनिटांचा तास, हेही ध्यानात घ्या. शिक्षक आळशी आहेत म्हणून मॉडेल घरून मागवत नाहीत. भिंतीवर लावायला काहीतरी दाखवावं लागतं, वरून विचारणा होते.

चेंबूरकर

तुम्ही ग्रह मोजत बसलात. पहिलीपासून हिंदी शिकवायचे आदेश सरकारने 29 जूनला मागे घेतले म्हणून सगळे खूश. पण पाचवीत हिंदी पूर्वीपासूनच आहे आणि याच जूनमध्ये ती नव्याने मुलांच्या डोक्यावर येते. त्यात दोन वर्षं चार भागांची, कोऱ्या पानांची एकात्मिक पुस्तकं होती, ती यंदा गेली. पुन्हा विषयवार पुस्तकं, पुन्हा जड दप्तर. मुलांना बिचाऱ्यांना कळेना काय न्यायचं. यावर कोणीच बोलत नाही.

परळच्या बाई (निवृत्त)

कोरी पानं गेली ते उत्तम झालं. त्यांवर नोंदी कोणीही लिहीत नव्हतं. दप्तराचं म्हणाल तर शाळेत कपाट द्या, पुस्तकं तिथेच राहू द्या. हिंदीसाठी वेगळा धागा काढा, इथे भांडण नको.

मुलुंडची आई

भांडुपकर दादा, तुमच्या वडिलांबद्दल वाचून गप्प बसले होते. पण माझा मुद्दा तिथेच आहे. तुम्हाला शाळेतल्या सरांनी शिकवलं, सकाळी, फुकट. आज त्याच्याऐवजी क्लासची फी आहे, आणि जी भरू शकत नाहीत ती मुलं तुमच्यासारखीच आहेत. मग आपण शाळेकडे जादा तास का मागत नाही? गणपतीनंतर सुरू करा म्हणावं, तोवर मुलं रुळलेली असतील आणि बाई म्हणतात तो भागाकारही झालेला असेल. मी मुख्याध्यापकांना पत्र लिहितेय : बुद्धिमत्ता चाचणीचा आठवड्यातून एक तास शाळेतच घ्या, आणि प्रकल्प घरी न देता वर्गातच करून घ्या.

भांडुपकर

मसुदा इथे टाका, मीही आमच्या शाळेत देतो. प्रकल्पाच्या मुद्द्याखाली माझी सही धरा. जादा तासांचं लेखी उत्तर आलं तर क्लास थांबवेन, नुसत्या तोंडी आश्वासनावर नाही. आणि गणपतीनंतर म्हणजे उशीरच, यावर मी ठाम आहे.