उत्तर बरोबर येणे पुरेसे नाही

गुन्ह्याचा छडा लावण्याच्या खेळांत सलग तीन प्रकरणे सुटली की काठिण्यपातळी वाढवावी, असे एक मत असते; मला ते अपुरे वाटते, कारण उत्तर बरोबर येणे आणि ते तर्काने येणे यांत मोठा फरक आहे. ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८) या व्हिडिओ गेममध्ये जहाजावरील ६० जणांचे काय झाले हे शोधायचे असते, आणि उत्तरे सहसा तीन-तीनच्या गटानेच पक्की होत असल्याने नुसत्या अंदाजाला आळा बसतो. मालवणात पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, त्या दिवसांत मी भाचीबरोबर असे खेळ खेळतो; गुन्हेगाराचे नाव घेण्याआधी बाकीचे संशयित निर्दोष का, हे तिने पुराव्यानिशी सांगावे, असा आमचा नियम आहे. मदतीच्या सूचना न उघडता ते जमू लागले, की मगच आम्ही पुढची पातळी निवडतो.