जर्मन बाईंनी आमच्या थिएटरातली शिस्त काढली, त्याबद्दल

लालबागकर:
एका जर्मन बाईंची पोस्ट तीन दिवस सगळ्या ग्रुपवर फिरतेय. दोन वर्षं वांद्र्यात राहिल्या आणि म्हणे मुंबईकरांना सिनेमा बघताच येत नाही, मध्येच दिवे लावतात, शिट्ट्या मारतात, पडद्याशी बोलतात. अहो, मध्यंतर म्हणजे सिनेमा तोडणं नव्हे, आपल्याकडे कथा लिहितानाच ती जागा धरलेली असते. बाबांची कामाची पाळी सुटली की आई-बाबा भारतमाता टॉकीजला जायचे. एकदा पडद्यावरच्या सुनेला घराबाहेर काढलं तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईने आईचा हात धरला तो सिनेमा संपेपर्यंत सोडला नाही. आई अजून सांगते. हे त्या बाईंना दिसलंच नाही.

म्युनिकरिटर्न:
चार वर्षं तिकडे काढलीयत म्हणून सांगते, बाई खोटं बोलत नाहीयेत. तिकडे सिनेमा सुरू झाला की कुजबूजसुद्धा नाही. (पॉपकॉर्न मात्र गोड, मला कधी झेपले नाहीत.) गेल्या महिन्यात शिवाजी मंदिर नाट्यगृहात नाटकाच्या ऐन प्रसंगात पुढच्या रांगेतल्या काकांचा फोन वाजला आणि त्यांनी चक्क उचलला, "हां बोल, नाटकाला आलोय." नटीचं वाक्य गेलं ते गेलंच. याचंही कौतुक करायचं का?

कल्याण_स्लो:
पॉपकॉर्नचं निघालंय तर बोलतोच. चौघं गेलो तर तिकिटापेक्षा खाण्याचं बिल जास्त. माझ्या मुलीच्या पिशवीतली राजगिऱ्याची चिक्की गेटवर काढून ठेवायला लावली, पोरगी रडली. आणि २०२३ला सुप्रीम कोर्टानेही बाहेरचं खाणं अडवायचा हक्क थिएटरवाल्यांनाच दिला.

परळची:
चिक्की राहू दे, मराठी सिनेमाला शो कधीचे देतात ते बोला. २०१५ला सरकारने मल्टिप्लेक्सला प्राइम टाइमची सक्ती केली, आरडाओरडा झाला, मग वेळ ठरली दुपारी १२ ते रात्री ९. झालं, १२चा शो दिला की नियम पाळला. नोकरीवाला माणूस बाराला येणार कुठून? मी रजा टाकून गेले, हॉलमध्ये मला धरून सहा जण.

म्युनिकरिटर्न:
सहाच येतात म्हणूनच शो काढतात ना. आपणच जात नाही आणि दोष थिएटरला.

परळची:
रजा मी टाकली, पगार माझा कापला गेला, आणि तुम्ही मलाच सांगताय आपण जात नाही? आधी सातचा शो लावा, मग माणसं मोजा.

कल्याण_स्लो:
बरोबर बोलली. सातला लावलं तर आम्ही ऑफिसातून थेट येऊ.

म्युनिकरिटर्न:
ठीक, वेळेचं मान्य. फोनचं कोणीच बोलत नाहीये.

लालबागकर:
फोन उचलणाऱ्याला बाहेर काढा, माझी हरकत नाही, तेवढं बाईंचं खरं आहे. पण फोन आणि शिट्टी एका मापाने मोजू नका. हिरोच्या एंट्रीला शिट्टी मारणारा माणूस सिनेमाच बघत असतो.

म्युनिकरिटर्न:
सिनेमात शिट्टी चालवून घेईन. नाटकात नाही.